तीन नावांतलं एक

हेल्विसचा नवरा जोफ्रे याला जाऊन एक वर्ष आणि एक दिवस झाला, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी धन्याचा निरोप घेऊन मोंतारेलहून तीन शिलेदार ऐन-झैतच्या गढीच्या दारात येऊन उभे राहिले. विधवेचं सुतक संपायची वाट ते वेशीबाहेरच बघत बसले होते की काय, असं कुणालाही वाटलं असतं.

हेल्विस तेव्हा गुऱ्हाळावर होती. नाताळ पंधरा दिवसांवर आला होता, ऊस तोडून आणलेला होता आणि पहिली काहील चुलीवर चढली होती. पहिली काहील तिचे वडील स्वतः उभं राहून उतरवून घ्यायचे. त्यांच्यामागे ती घेऊ लागली. नवरा होता तेव्हाही घ्यायचीच, कारण जोफ्रे लग्नाच्या अठरा वर्षांतली निम्मी वर्षं कुठल्या ना कुठल्या मोहिमेवर होता. तेवढ्या काळात दोनदा शत्रू दारापर्यंत आला, आणि दोन्ही वेळा तटावर उभं राहून माणसांना धीर देणारी हेल्विसच होती. जहागीर तिच्या वडिलांची, तिला भाऊ नव्हता, म्हणून तिची. जोफ्रे आला तो तिच्याबरोबर जहागिरीला.

तिघांतला वयाने मोठा शिलेदार पुढे आला. तिच्या हातांना कोपरापर्यंत काकवी लागलेली होती. त्याने नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे लावली आणि पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली.

"बाईसाहेब, आमचे धनी बेरार यांच्या वतीने मी आपल्याला तीन शिलेदार देऊ करतो. सरदार तिएरी, सरदार गोतिए आणि सरदार आन्सेल. आपल्या जहागिरीवर चार शिलेदार पुरवण्याची चाकरी आहे. फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत आपण या तिघांतला एक नवरा म्हणून पत्करावा."

मग त्याने तेच पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा. तीनदा म्हणायचं असा रिवाज होता.

"बाजारात गाढवाचेसुद्धा तीनदा दात दाखवत नाहीत," तकला मागून पुटपुटली. तकला सुरियानी ख्रिस्ती, इथल्याच मातीतली. हेल्विसची आई बाळंतपणात गेल्यापासून तिनेच हिला वाढवलं होतं. पाहुण्यांना ऐकू जाईल इतकंच मोठं पुटपुटायची तिची जुनी सवय.

"ऐकलं मी," हेल्विस म्हणाली. ते उत्तर कुणाला होतं, ते शिलेदाराला कळलं नाही. "जेवून जा. माणसं दमलेली दिसतात."

तीन नावांतलं खरं नाव एकच आहे, हे गुऱ्हाळावरच्या मजुरालाही समजलं असतं. तिएरी हा बेरारचा भाचा. दोन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेला, चोवीस वर्षांचा, देखणा, एक तलवार आणि दोन घोड्यांचा मालक. त्याला जमीन हवी होती. कायद्याला मात्र तीन नावं हवी होती. म्हणून शत्रूच्या हलब शहरातल्या कैदेतून नुकताच सुटलेला गोतिए घेतला होता. माणसांत बसला तरी तो भिंतीकडे बघत राही, आणि अशा माणसाला कुठली बाई हो म्हणणार, असा धन्याचा हिशेब. आणि घेतला होता म्हातारा आन्सेल. सगळ्या किनाऱ्यावर त्याच्याइतका कायदा कुणाला येत नसे. दाढी मात्र तो कावळ्यासारखी काळी ठेवी.

"आन्सेल!" संध्याकाळी केस विंचरताना तकलाला हसू आवरेना. "अगं, काका म्हणत होतीस त्याला! त्याच्या घोड्यावर बसायचं म्हणून रडून गोंधळ घालायचीस."

हेल्विसला हसू आलं नाही. बाजूला फेमी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हेल्विसची एकुलती एक लेक. गेल्या महिन्यात तिला बारावं पूर्ण होऊन तेरावं लागलं होतं.

"मग नाही म्हण ना," फेमी म्हणाली.

"नाही म्हटलं तर जहागीर जाईल."

"जाऊ दे. आपण सूर शहरात जाऊन राहू. बाबांच्या घरातला अर्धा वाटा तुझाच आहे, त्याच्यावर चाकरी नाही की काही नाही. तूच सांगितलंस."

पोरगी कान देऊन ऐकते, हे हेल्विसच्या ध्यानात आलं. पुढचं सांगावं की नाही, याचा तिने क्षणभर विचार केला. मग तिला स्वतःचं लग्न आठवलं. तेव्हा ती याच वयाची होती, आणि तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"माझ्या हातून गेली की ती तुझी होईल. आणि तुला बारा पुरी झालीत. मग ते तीन शिलेदार तुझ्यापुढे येऊन उभे राहतील. हीच तीन नावं घेऊन."

गुडघे आणखी जवळ ओढून फेमी म्हणाली, "म्हणजे मला तिएरी."

"हो."

"आणि तू हो म्हणालीस तर तुला तिएरी."

तकलाचा कंगवा थांबला होता. "गेल्या उन्हाळ्यात त्यानं घोडेवाल्याला मारलं," ती म्हणाली. "घोडा लंगडला म्हणून. त्या माणसाचा कान गेला. आणि घोडा लंगडला होता याच्याच दौडीनं."

नाताळ झाला. मग जानेवारीत तिन्ही राजांचा सणही झाला. तिएरीने एक ससाणा भेट पाठवला, तो हेल्विसने आभार मानून परत केला. गोतिएकडून काहीच आलं नाही. आणि एका थंड, स्वच्छ सकाळी आन्सेल स्वतःच आला. बरोबर एकच नोकर. घोड्यावरून उतरायला त्याला बराच वेळ लागला, आणि नोकराने पुढे केलेला हात त्याने झटकून टाकला.

तिने त्याला गुऱ्हाळ दाखवलं, गरम रस दिला. दोघं उन्हात जात्याच्या दगडावर बसली.

"आता काय म्हणू तुम्हाला?" हेल्विस म्हणाली. "काका म्हणायची सवय आहे."

तो हसला नाही. "मला ठाऊक आहे मी त्या यादीत कशाला आहे ते," तो म्हणाला. "संख्या भरायला. पण बेरारनं विचारलं तेव्हा बरं वाटलं, खोटं का बोलू? वीस वर्षांत मला कुणी कशासाठी विचारलं नव्हतं, कायदा सोडून."

"मग कायद्याचंच विचारते. यातून वाट आहे का?"

"नाही. मी चार रात्री विचार केला. तिएरी तुमच्या तोलामोलाचा आहे, गोतिएसुद्धा. मुदत पुरेशी दिली आहे. तीनदा विचारलं आहे. लग्नाचं हे बोलावणं पक्कं आहे, बाईसाहेब. आणि कायदा वाईट नाही. गढीत लढणारा माणूस नसेल तर शत्रू आत येतो, मग बायकांचं काय होतं ते आपण पाहिलंय. आयुष्यभर मी हेच सांगत आलो."

"पेरोनेललाही हेच सांगितलंत?"

तो एकदम तिच्याकडे वळला. पेरोनेल त्याची मुलगी. तिच्या आजोळची जहागीर तिला मिळाली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. हेल्विसपेक्षा दोन वर्षांनी लहान. दोघी एकदा उन्हाळाभर एकत्र राहिल्या होत्या, एका पलंगावर झोपल्या होत्या.

आन्सेल दगडावरचा उसाचा चोथा बोटांनी बाजूला सारत म्हणाला, "तिला बोलावणं द्यायला गेले त्या तिघांत मी होतो. म्हटलं, बापाच्या तोंडून ऐकेल तर घाबरणार नाही. तीनदा म्हणालो मी. तिनं मधलं नाव घेतलं. नंतर मी विचारलं, हाच का गं? तर म्हणाली, बाबा, पहिला आणि शेवटचा माझ्या ध्यानातच राहिला नाही."

पेरोनेल पंधराव्या वर्षी बाळंतपणात गेली, हे दोघांनाही माहीत होतं. 

गुऱ्हाळाचा बैल फेरे घालत होता. हेल्विसच्या मनात गेले आठ दिवस एक गोष्ट घोळत होती. तकलाने सांगितलेली. ती बोलली तर म्हातारा दुखावणार, हे तिला दिसत होतं. तरी ती बोलली.

"काका, तुमचं वय काय?"

"छप्पन्न."

"तकलाचा भाऊ हन्ना मोठ्या भूकंपाच्या आठवड्यात जन्मला. त्याच आठवड्यात तुमच्या वडिलांच्या गढीचा बुरूज पडला आणि त्यांना मुलगाही झाला, म्हणजे तुम्ही. घंटा कशासाठी वाजते, रडायचं की हसायचं, ते गावाला कळेना. तकलाची आई ही गोष्ट सांगायची. हन्ना आता बासष्ट वर्षांचा आहे."

आन्सेलच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, तेव्हा दाढी आणखीच काळी दिसू लागली.

"दाईच्या भावाची साक्ष," तो हळू म्हणाला. "सरदारांच्या सभेत सुरियानी नोकराचा शब्द शिलेदाराविरुद्ध चालत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला विचारलं."

"साठीनंतर शिलेदाराची चाकरी सुटते. साठीनंतर बाईलाही बोलावता येत नाही. तुम्हाला ते म्हणायचंय." तो उठला. या वेळी त्याला नोकराचा हात घ्यावा लागला. "तुम्ही मला पाहुणा म्हणून रस दिलात, बाईसाहेब, आणि वर हे."

निरोपाचा शब्द न बोलता तो गेला. तकलाने दारातून त्याची पाठमोरी आकृती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हा गेला. आता तो तुझ्याविरुद्ध बोलेल."

मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी सकाळची प्रार्थना झाल्यावर मोंतारेलच्या दिवाणखान्यात सभा बसली. बेरार मधोमध, दोन्ही बाजूंना सरदार. तिएरी नवा निळा अंगरखा घालून खिडकीपाशी उभा होता. गोतिए दाराजवळ, बाहेर पडायला सोपं जाईल अशा जागी. आन्सेल सरदारांच्या रांगेत, हातातल्या काठीवर नजर लावून. त्याने हेल्विसकडे मान वर करूनही पाहिलं नाही. बायकांत हेल्विस आणि फेमी, एवढ्याच. लेकीला तिने मुद्दाम आणलं होतं.

बेरार दुष्ट माणूस नव्हता. सरहद्दीवर सात गढ्या, माणसं अपुरी आणि बहिणीची, म्हणजे तिएरीच्या आईची, सारखी पत्रं, त्यामुळे तो नेहमी घाईत असे. "तर हेल्विस," तो म्हणाला, "नाव सांग म्हणजे जेवायला बसू. स्वयंपाकघरात बदकं करपतायत."

काहीजण हसले.

"धनी, रिवाजाप्रमाणे मला सभेतला एक सल्लागार हवा," हेल्विस म्हणाली. आपला आवाज इतका सरळ कसा निघतोय, याचं तिलाच नवल वाटलं. "माझ्या वतीने बोलायला."

"लग्नाला सल्लागार? बरं. माग. कोण हवा?"

"सरदार आन्सेल."

दिवाणखान्यात खसखस पिकली. तिएरी मोठ्याने म्हणाला, "म्हातारा स्वतःचीच रदबदली करणार वाटतं!"

"तो तर त्या तिघांतला एक आहे," बेरार म्हणाला.

"सल्लागार कुणाला मागू नये याची यादी आहे," आन्सेल बसल्या जागेवरून म्हणाला. आवाज कोरडा होता. "शत्रू, फितूर आणि ज्याच्यावर फिर्याद आहे तो. लग्नाला उभा असलेला माणूस त्या यादीत नाही. बाईंनी मागितलं, धन्याला द्यावं लागतं. आणि मागितलेल्याला नाही म्हणता येत नाही."

तो उठला. दिवाणखाना ओलांडून हेल्विसच्या बाजूला येऊन उभा राहिला.  

त्याने सुरुवात फार लांबून केली. चाकरी म्हणजे काय, जहागीर कशासाठी दिली जाते, बाईच्या हाती आली तर तिला लग्नाला का सांगता येतं. तिएरी जांभई देऊ लागला. बेरारने स्वयंपाकघराच्या दिशेने दोनदा पाहिलं. हेल्विसला वाटलं, हा असाच बोलत राहील आणि शेवटी म्हणेल, बोलावणं पक्कं आहे. तिने फेमीचा हात धरला.

"म्हणजे बोलावणं हे नवऱ्यासाठी नाही," आन्सेल म्हणाला, "तर घोड्यावर बसून चाकरी करू शकेल अशा माणसासाठी आहे. अशी तीन माणसं धन्याने द्यायची. दोन दिली तर ते बोलावणंच नव्हे. धनी, आपण दोनच दिलेत."

"तीन दिलेत!" बेरार म्हणाला. "तिएरी, गोतिए, तू."

आन्सेलने काठी दोन्ही हातांत धरली. 

"मी मोठ्या भूकंपाच्या वर्षी जन्मलो," तो म्हणाला. "मला बासष्ट पुरी झाली. दोन वर्षांपूर्वीच माझी चाकरी सुटली. ते मी धन्याला सांगितलं नाही, हा माझा दोष. त्याचा दंड मला व्हावा."

आधी कुणालाच समजलं नाही. मग मागच्या तरुण पोरांतून कुणीतरी "आजोबा!" असं ओरडलं आणि सगळा दिवाणखाना खदखदला. "दाढीला काय लावता, आजोबा?" "नवरदेवाला पाट द्या रे, पाट!" आन्सेल सरळ उभा होता. त्याची मान लाल झाली होती, पण नजर बेरारवर होती. हेल्विसला त्याच्याकडे बघवेना, आणि बघणं सोडवेनाही.

"शपथ घेशील?" बेरारने विचारलं. तो हसत नव्हता.

"आणा ग्रंथ."

सरदार बाजूच्या दालनात गेले आणि बऱ्याच वेळाने परतले. खरोखरच बदकं करपली. निकाल असा की, बोलावणं अपुरं होतं, म्हणून ते झालंच नाही असं समजावं. धन्याने हवं तर नव्याने, पुऱ्या तीन नावांनिशी द्यावं. तिएरी पाय आपटत निघून गेला. बेरार हेल्विसजवळ येऊन हळूच म्हणाला, "पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवेन, एवढं लक्षात ठेव."

"पाठवा, धनी," ती म्हणाली. "मी कुठे जाणार आहे?"

पण पुढच्या महिन्यात पूर्वेच्या सरहद्दीवर धामधूम सुरू झाली आणि बेरार तिकडे अडकला. उन्हाळ्यात तिएरीला किनाऱ्यावरची एक विधवा मिळाली. तिने तीन नावांची वाटही पाहिली नव्हती म्हणतात.  आपण सुटलो ती जागा रिकामी राहिलेली नाही, तिथे दुसरी कुणीतरी उभी आहे, हे हेल्विसला विसरता येत नसे. एकदा तिने त्या बाईला साखरेच्या दोन ढेपा पाठवल्या. काय निरोप द्यावा ते न सुचल्यामुळे नुसत्याच.

त्याआधीच, ईस्टरनंतर, आन्सेल ऐन-झैतला आला. दाढी पांढरी शुभ्र होती. तकलाने दार उघडलं आणि पटकन ओळखलंच नाही. हेल्विसने आभार मानायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला.

"मुलीला कायदा शिकवायचा म्हणतो," तो म्हणाला. "लिहिलेला कुठे नाही. माझ्या डोक्यात आहे, तेवढाच. तुमची हरकत नसेल तर दर महिन्याला येत जाईन."

तो येत राहिला. फेमी पाठांतराला पक्की होती आणि प्रश्नांना त्याहून. एकदा भरतकाम करता करता हेल्विसने ऐकलं. फेमी विचारत होती, "हा बायकांच्या बोलावण्याचा कायदा ठरवला तेव्हा कुणी बायकांना विचारलं होतं का?"

"नाही."

"मग तुम्ही त्याला चांगला का म्हणता?"

हेल्विसने सुई थांबवून वर पाहिलं.

"म्हणत होतो," तो म्हणाला. "आता पुढचं पाठ म्हण."

बोलावणं पुन्हा आलं ते वर्ष उलटल्यावर, पुढच्या उसाच्या वेळी. पुरी तीन नावं, सगळे साठीच्या आतले. या वेळी चूक काढता येण्याजोगी नव्हती, आणि आन्सेलनेही काढायचा प्रयत्न केला नाही. दोन नावं नवी होती. तिसरं गोतिएचं होतं, पुन्हा संख्या भरायलाच घातलेलं.

मधल्या वर्षात हेल्विसने एकच केलं होतं. गोतिएविषयी चौकशी. कैदेत त्याच्याबरोबर असलेल्या दोघांना तिने शोधून काढलं, जेवायला घातलं आणि बोलतं केलं. कैदेतल्या आठ वर्षांत त्याने कुणाची भाकरी घेतली नाही, दोनदा स्वतःची दिली, असं दोघं वेगवेगळ्या वेळी म्हणाले. आणि आता नावं आल्यावर तिने गोतिएलाच बोलावून घेतलं. असं करायचा रिवाज नव्हता. तो आला, चौकात उभा राहिला, आत यायला तयार होईना.

"माझ्या दोन अटी आहेत," तिने तिथेच सांगितलं. "गढीतली माणसं इमानाची शपथ मला देतात, ती पुढेही मलाच देतील. आणि माझ्या लेकीचं लग्न तिला विचारल्याशिवाय ठरणार नाही."

गोतिएने पुष्कळ वेळ विचार केला. तो प्रत्येक गोष्टीला तेवढाच वेळ घेतो, हे तिला पुढे कळायचं होतं.

"माझी एक आहे," तो म्हणाला. "मला छपराखाली झोप लागत नाही. अंगणात झोपलो तर लोक हसतील. तुम्हाला चालेल?"

"थंडीत?"

"थंडीतही."

हेल्विसने सभेत गोतिएचं नाव घेतलं तेव्हा बेरारने भुवया उंचावल्या, पण बदकं वेळेवर वाढली गेली. लग्न साधं झालं. पहिल्या रात्री तो खरोखरच अंगणात झोपला. तकलाने कटकट करत त्याच्यावर दोन घोंगड्या टाकल्या, आणि सकाळी साऱ्या गढीला सांगितलं की नवे धनी घोरत नाहीत, एवढं तरी बरं आहे. फेमीने खिडकीतून त्याला पाहिलं. दवाने ओल्या झालेल्या घोंगड्या तो नीट घडी करून भिंतीवर वाळत घालत होता. ती आईला म्हणाली, "मी अजून ठरवलं नाहीये हं, मला तो आवडतो की नाही ते."

"सावकाश ठरव," हेल्विस म्हणाली, आणि गुऱ्हाळाकडे निघाली.